पानाला परवाना, फुलाला तुरुंग

वाराणसीच्या गल्ल्यांत 'सरकारी भांग की दुकान' अशी पाटी रंगवलेली दुकानं दिसतात. जैसलमेरच्या किल्ल्यापाशी असंच एक आहे, पर्यटक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, सरकारी फी, सगळं रीतसर. आणि त्याच झाडाचा शेंडा, म्हणजे मादी झाडाला येणारा चिकट फुलोरा, कुणाच्या खिशात सापडला की तो गांजा. मग पंचनामा, अटक, कोर्टाच्या तारखा.

हे असं का, हे समजून घ्यायला एनडीपीएस कायदा, म्हणजे आपला अमली पदार्थविरोधी कायदा, थोडा उसवून बघावा लागतो. तेच इथे करतो, आणि मध्येमध्ये माझं मतही सांगतो. मताचा सारांश आधीच देऊन टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला सावध राहता येईल: गांजा निरुपद्रवी आहे असं मी मानत नाही. पण ओढणाऱ्याला गुन्हेगार ठरवून कुणाचं भलं झालेलं मला दिसलेलं नाही.

आधी झाड. पानं वाटली की भांग. फुलोरा वाळवला की गांजा. फुलोऱ्यावरचा राळेसारखा चीक हातावर मळून वेगळा काढला की चरस. तिन्हींत नशा आणणारं द्रव्य एकच, टीएचसी. पानांत ते कमी, फुलोऱ्यात जास्त, चरसात आणखी जास्त. कायद्याच्या दुसऱ्या कलमात गांजाची व्याख्या आहे: झाडाचे फुललेले किंवा फळं धरलेले शेंडे, त्यातून पानं आणि बिया वगळायच्या, पण त्या शेंड्यांसोबत नसतील तरच. भांग हा शब्द तिथे कुठेही नाही. ती या वगळण्याच्या फटीतून बाहेर पडली.

ती सौम्य म्हणून सुटली असं कुणी समजू नये. थंडाईतली भांग पोटातून चढते, तासभर काही जाणवतच नाही. 'कसली भांग, काहीच होत नाहीये' म्हणत माणूस दुसरा पेला लावतो आणि मग दोन्ही एकदम अंगावर येतात. छाती धडधडतेय, तोंडाला कोरड पडलीय, आपण आता मरणार अशी खात्री झालीय, अशा अवस्थेत धुळवडीला दवाखाना गाठणारे बहुतेक या दुसऱ्या पेल्याचे बळी असतात. चिलमीला छापी, म्हणजे फडकं, गुंडाळून झुरका मारणाऱ्याला काही मिनिटांत अंदाज येतो, तो थांबू शकतो. नवख्या माणसाला फसवण्यात कायद्यातली सुटलेली भांग गांजापेक्षा पुढे आहे.

ही फट आली कुठून? १९६१ साली संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थांवरचा करार झाला. त्यात भांगेचं झाड अफू आणि हेरॉइनच्या पंगतीला बसवलं गेलं. आपल्याकडे होळी आहे, महाशिवरात्र आहे, साधूंचे आखाडे आहेत, त्यामुळे पानांवर बंदी घालणं भारताला परवडणारं नव्हतं. करारातल्या व्याख्येतून पानं वगळली गेली, तीच व्याख्या पुढे आपल्या कायद्यात उतरली. उरलेल्या मालाबाबत करार म्हणत होता की औषधाखेरीजचा वापर २५ वर्षांत बंद करा. करार डिसेंबर १९६४ मध्ये लागू झाला, म्हणजे मुदत १९८९ पर्यंत. तोवर अनेक राज्यांत गांजाचीही परवानाधारक दुकानं होती. मुदत जवळ आली तसं राजीव गांधींच्या सरकारने १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आणला. तो लागू झाला १४ नोव्हेंबरला. बालदिनाचा मुहूर्त योगायोगाचा असावा.

गंमत म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये त्याच संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे प्रश्न आला की भांगेचं झाड कराराच्या सर्वांत कडक यादीतून काढायचं का. २७ विरुद्ध २५ मतांनी ते काढलं गेलं. भारताने बाजूने मत दिलं. घरचा कायदा मात्र जागचा हलला नाही.

याच्या बरंच आधी या देशात एक चौकशी झाली होती, आणि ती मला आजच्या टीव्हीवरच्या चर्चांपेक्षा जास्त गंभीर वाटते. १८९३ साली ब्रिटिश संसदेत ओरड झाली की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत. सरकारने सात जणांचा आयोग नेमला, त्यात तिघे भारतीय. आयोगाने देशभर फिरून हजाराहून जास्त साक्षी घेतल्या. त्यातलं सगळ्यात वाचनीय काम म्हणजे इस्पितळांच्या नोंदवह्यांची तपासणी. वहीत एक रकाना असायचा, वेडाचं कारण. तिथे धडाधड 'गांजा' लिहिलेलं. हे लिहिलं कुणी, असं आयोगाने विचारायला सुरुवात केली. निघालं असं, की रुग्णाला आणून सोडणारे पोलीस जी माहिती देत ती वहीत उतरत होती. रकाना रिकामा ठेवता येत नाही, माणूस कधीतरी चिलीम ओढताना दिसला होता, मग झालं. आयोगाने १८९२ सालच्या नोंदी एकेक करून उकरल्या, तेव्हा गांजाच्या नावावर टाकलेल्या निम्म्याहून जास्त टिकल्या नाहीत. निष्कर्ष निघाला की माफक सेवनाने म्हणण्यासारखी हानी होत नाही, अतिसेवनाने होते. सरसकट बंदीची गरज नाही. कर लावा, परवाने द्या, लागवडीवर लक्ष ठेवा.

या अहवालाचा आधार घेऊन आजचा गांजा निर्धोक आहे असं सांगणारे लोक मला भेटतात, आणि त्यांचं मला पटत नाही. १८९४ ची चिलीम आणि आज बंद खोलीत दिव्यांखाली वाढवलेला, टीएचसी चढवत नेलेला 'हायड्रो' यांत मोठा फरक आहे. लहान वयात सुरुवात आणि जास्त ताकदीचा माल असेल तर मनोविकाराचा, विशेषतः सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होण्याचा, धोका वाढतो, हे आता मानसोपचारात बऱ्यापैकी प्रस्थापित आहे. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल त्याने या वाटेला जाऊच नये. 'आयुर्वेदात विजया, म्हणजे भांग, आहे' हा युक्तिवादही इथे चालत नाही. आयुर्वेदात बचनागासारखं विषही आहे, ते कुणी पार्टीत वाटत नाही.

आता कायद्याचं वजनकाट्याचं अंग बघू, कारण खरी मेख तिथे आहे. शिक्षा किती, हे तुम्ही सेवन करता की विकता यावर क्वचितच ठरतं. ते ठरतं वजनावर. गांजा १ किलोपर्यंत म्हणजे 'अल्प प्रमाण': एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोच्या वर म्हणजे 'व्यापारी प्रमाण': किमान १० वर्षं, कमाल २०. मधल्यासाठी १० वर्षांपर्यंत. चरसाला अल्प १०० ग्रॅम, व्यापारी १ किलो. हेरॉइनला अल्प ५ ग्रॅम, व्यापारी २५० ग्रॅम. पदार्थ आणि वजनं वेगळी, शिक्षेचे जिने मात्र तेच तीन. नेदरलँड्समध्ये सॉफ्ट आणि हार्ड ड्रग्ज अशी दोन वेगळी खाती आहेत, तशी आपल्याकडे नाहीत. गांजा आणि हेरॉइन एकाच खात्यात, फक्त तराजूची वजनं बदललेली.

ही २० किलोची रेघ किती निर्दयी आहे ते एका कल्पित उदाहरणात पाहा. सातपुड्याच्या पायथ्याशी कापसात किंवा तुरीत गांजाची झाडं लपवून लावण्याचे प्रकार होतात, धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरकडच्या धाडींच्या बातम्या आपण वाचतोच. समजा तिथून निघालेल्या एका पोत्यात शेंडे, पानं, काड्या, बिया सगळं एकत्र आहे. काट्यावर भरलं २२ किलो. पंचनाम्यात '२२ किलो गांजा'. आता तोच माल पथारीवर पसरून शेंडे वेगळे केले तर भरतील कदाचित १३ किलो. २२ लिहिले तर कलम ३७ लागतं. जामीन हवा असेल तर आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशाची खात्री पटली पाहिजे. खटला सुरू होण्याआधीच ही खात्री पटवणं किती वकिलांना जमत असेल? १३ लिहिले तर नेहमीसारखा जामीन मिळू शकतो. मधले ९ किलो म्हणजे पानं आणि काटक्या, पण त्यापायी माणूस खटल्याचा निकाल लागेपर्यंत आत. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन प्रकरणात हाच मुद्दा उचलून धरला होता, की शेंडे सोबत नसतील तर पानं-काड्या गांजात धरता येत नाहीत. पण 'सोबत' म्हणजे नेमकं काय, एकाच पोत्यात असणं म्हणजे सोबत का, यावर वकील अजून भांडतात.

उलटी बाजूही आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मिश्रण असेल तर शुद्ध अमली पदार्थ नाही, अख्ख्या मिश्रणाचं वजन धरायचं. म्हणजे गांजा घातलेली ब्राउनी पकडली तर मैदा, लोणी, साखर, सगळं काट्यावर.

आणि लागवडीला तर वजनाची सवलतच नाही. बाल्कनीतल्या कुंडीत एक रोप लावलं तरी कायद्यात शिक्षा १० वर्षांपर्यंत जाऊ शकते. तोच माणूस टोळीकडून ९०० ग्रॅमची पिशवी विकत घेऊन आला तर कमाल एक वर्ष. कायद्याने ज्याला सगळ्यात जास्त रोखायला हवं तो धंदेवाईक विक्रेता, आणि हिशोब असा मांडलाय की गिऱ्हाईकाने त्याच्याकडेच जावं.

प्रत्यक्षात सापडतं कोण? अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या राष्ट्रीय आकडेवारीत महाराष्ट्र वरच्या राज्यांत असतो, आणि आपल्याकडचे बहुसंख्य गुन्हे सेवनाचे असतात, तस्करीचे नाही. सेवन हा स्वतंत्र गुन्हा आहे, कलम २७. गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड. मुंबईत हे कसं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. पुलाखाली, मैदानाच्या कोपऱ्यात, टपरीमागे चिलीम किंवा जॉइंट ओढताना पोरगं सापडतं. वैद्यकीय तपासणी होते. कोर्टात गुन्हा कबूल, दंड भरला, सुटला. २०२० मध्ये विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतल्या अशा प्रकरणांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षा झालेल्यांत रस्त्यावर आणि झोपडपट्टीत राहणारे, रोजंदारीवर जगणारेच जास्त दिसले. साहजिक आहे. ज्याला बंद दाराची खोली आहे तो उघड्यावर ओढत नाही. टॉवरमधल्या विसाव्या मजल्यावर धूर शोधायला हवालदार लिफ्टने जात नाही.

यावर 'मग कायदेशीर करून टाका' असं उत्तर फार चटकन दिलं जातं. इथे चार कामं वेगवेगळी आहेत: ओढणं, जवळ बाळगणं, पिकवणं आणि विकणं. प्रत्येकाचा निर्णय वेगळा घेता येतो, आणि जगात तो तसा घेतलेला आहे.

नेदरलँड्सने १९७६ मध्ये पहिल्या दोन कामांकडे आणि किरकोळ विक्रीकडे काणाडोळा करायचं ठरवलं. गांजा घेणारं पोर हेरॉइन विकणाऱ्याच्या दारात जाऊ नये, हा त्यामागचा विचार. तिथल्या कॉफी शॉपला नियम आहेत: माणशी ५ ग्रॅम, १८ वर्षांच्या आतल्याला बंदी, दारू नाही, जाहिरात नाही, दुकानात ५०० ग्रॅमहून जास्त साठा नाही. पण पिकवणं बेकायदाच राहिलं. पुढच्या दाराने गिऱ्हाईक राजरोस, मागच्या दाराने माल टोळ्यांकडून. जवळजवळ पन्नास वर्षं हा विनोद चालला. आता दहा नगरपालिकांमध्ये परवाना असलेल्या उत्पादकांकडूनच माल घ्यायचा प्रयोग सुरू आहे, एप्रिल २०२५ पासून तो तिथे सक्तीचा झाला.

पोर्तुगालने २००१ मध्ये वेगळंच केलं. दहा दिवसांच्या वापराइतका कुठलाही अमली पदार्थ सापडला, अगदी हेरॉइनसुद्धा, तरी तो फौजदारी गुन्हा नाही. सिग्नल तोडल्यासारखी चूक. माणूस एका छोट्या समितीपुढे जातो, ती त्याला उपचारांकडे वळवते. विक्री मात्र गुन्हाच. तिथे सुईतून पसरणारा एचआयव्ही खाली आला, पण तो कायद्याच्या एका ओळीने नाही. उपचारांवर त्यांनी पैसा ओतला होता. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये तीच ओळ उचलली, उपचार केंद्रं मात्र उभी राहिलेली नव्हती. १०० डॉलरची पावती फाडायची, हेल्पलाइनला फोन केला की पावती माफ. फोन करणारे थोडेच निघाले. रस्त्यावर उघड नशा वाढल्याची ओरड झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून ते पुन्हा गुन्ह्यात आलं. थायलंडने जून २०२२ मध्ये नियम तयार नसतानाच गांजा यादीतून काढला, गल्लोगल्ली दुकानं निघाली, आणि २०२५ मध्ये डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची करून मागे फिरावं लागलं.

माझं मत या सगळ्यातून बनलं आहे. ओढणं आणि थोडं बाळगणं यासाठी कैद नको, गुन्ह्याची नोंदही नको. घरात एक-दोन रोपं लावली तर ती बाळगण्याइतकीच धरावीत. जर्मनीने एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला तीन रोपांची मुभा दिली आहे, ती मला शहाणपणाची वाटते. विक्री खासगी कंपन्यांच्या हातात द्यायला मात्र माझा ठाम विरोध आहे. आपल्याकडे पानमसाल्याची जाहिरात वेलचीच्या नावाने होते, दारूची सोड्याच्या नावाने. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि शाळेच्या वळणावरच्या टपरीवर पुडी मिळते. हीच मंडळी उद्या गांजाचे चॉकलेट-स्ट्रॉबेरी स्वाद आणि क्रिकेटपटूंचे चेहरे घेऊन आली तर पुढचं सांगायला नको.

'गांजा म्हणजे पहिली पायरी, पुढे गर्द (ब्राउन शुगर)' हा आक्षेप मी टाळत नाही. गर्द ओढणाऱ्यांपैकी कित्येकांनी आधी गांजा ओढलेला असतो, हे खरं. त्याआधी त्यांनी बिडी आणि दारूही घेतलेली असते. गांजा ओढणारे बहुसंख्य पुढे जात नाहीत. जे जातात त्यांना पुढची पायरी दाखवणारा अनेकदा तोच विक्रेता असतो, ज्याच्या खिशात दोन्ही पुड्या आहेत. डच लोकांनी नेमकं यावर बोट ठेवलं होतं.

आकड्यांत दारूशी तुलना केली तर चित्र आणखी अवघड होतं. २०१९ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीत वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे ३.१ कोटी लोक निघाले, त्यातले साधारण ७२ लाख मदतीची गरज असलेले. दारू पिणारे १६ कोटी, मदतीची गरज असलेले ५.७ कोटी. दारूला राज्याच्या तिजोरीत मानाचं पान आहे. म्हणून गांजालाही द्या असं मी म्हणत नाही. ७२ लाख ही लहान संख्या नव्हे. त्यांतल्या किती जणांनी पोलिसांच्या भीतीने डॉक्टरचं दार वाजवलं नसेल, एवढाच माझा प्रश्न.

महाराष्ट्राला ही दुटप्पी वागणूक नवी नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. त्यानुसार प्यायलाही परवाना लागतो, विदेशी मद्याचा एक दिवसाचा पाच रुपयांत मिळतो. बारमध्ये बसलेल्या किती जणांनी तो पाहिला असेल, विचारू नका. त्याच कायद्यात भांगही आहे. एनडीपीएसमधून सुटलेली भांग इथे राज्याच्या परवान्यात अडकते, म्हणून वाराणसीसारखी पाटी दादर-परळला दिसत नाही आणि सोसायटीच्या होळीतली थंडाई कागदोपत्री बेकायदाच ठरू शकते.

कायदा बदलणं संसदेच्या हातात आहे. पतियाळाचे खासदार असताना धर्मवीर गांधी यांनी नैसर्गिक, सौम्य नशांना वेगळं काढणारं खासगी विधेयक मांडलं होतं, ते पुढे सरकलं नाही. पण काही वाटा आजच्या कायद्यातही आहेत आणि त्या वापरल्या जात नाहीत. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचारांना तयार झाला तर कलम ६४ अ त्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या खटल्यातून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. कलम ३९ खाली कोर्ट व्यसनी आरोपीला शिक्षेऐवजी उपचारांसाठी सोडू शकतं. पुण्यात मुक्तांगण १९८६ मध्ये उभं राहिलं, कायदा आल्याच्या दुसऱ्याच वर्षी, गर्दच्या लाटेत. अनिल आणि अनिता अवचटांनी, पुलंच्या देणगीच्या आधाराने, व्यसन हा आजार धरून काम सुरू केलं. अशी केंद्रं आहेत, कलमंही आहेत. टपरीमागे पकडलेल्या पोराला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करण्याआधी ही दोन कलमं कुणीतरी वाचून दाखवायला हवीत. दंडाची पावती फाडण्याच्या घाईत ते राहून जातं, आणि त्याच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वकिलालाही बहुतेक वेळा त्या सकाळी आणखी वीस फायली असतात.